पाथरीला रूळ हवा

पाथरीच्या विकासाचा विषय निघाला की चर्चा साईबाबांच्या मानल्या जाणाऱ्या जन्मस्थानापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. जानेवारी २०२० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीसाठी शंभर कोटी रुपये जाहीर केले, पाथरीला जन्मस्थान म्हटल्याच्या निषेधार्थ १९ जानेवारीला शिर्डीने बंद पाळला, आणि उभ्या महाराष्ट्राच्या तोंडी पाथरीचे नाव झाले. श्रद्धा हा ज्याचा त्याचा विषय आहे, तिच्याविषयी आम्हाला काही म्हणायचे नाही. म्हणायचे आहे ते गावाच्या वाढीविषयी. आणि त्यासाठी पाथरीकरांनी एकदा नैरोबीचा इतिहास चाळावा, असे आम्हाला मनापासून वाटते.

एकोणिसावे शतक संपत असताना मीटर गेजच्या दोन मार्गांची कामे एकाच सुमारास चालली होती. एक निजामाच्या राज्यात, सिकंदराबादहून मनमाडकडे: हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. १८९९ ते १९०१ या काळात ती वाहतुकीला खुली झाली. दुसरे काम पूर्व आफ्रिकेत, मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवराकडे. १८९६ मध्ये सुरू झालेल्या या युगांडा रेल्वेचे गेजही हिंदुस्थानातले आणि ते अंथरणारे हातही इथलेच. करारावर नेलेल्या मजुरांची संख्या बत्तीस हजारांच्या घरात होती. त्यांतले बहुतेक पंजाबचे. अडीच हजारांच्या आसपास माणसे तिकडेच मेली. नैरोबीविषयी लिहिताना हा आकडा वगळून पुढे जाणे आम्हाला जमणार नाही.

ही रेल्वे ३० मे १८९९ रोजी मोंबासापासून सव्वातीनशे मैलांवरच्या एका दलदलीच्या माळावर पोहोचली. मसाई गुराखी तिथे गुरे पाण्यावर आणत, शेजारच्या टेकड्यांवर किकुयू लोकांची शेती होती. शहर म्हणावे असे तिथे काहीही नव्हते. पण पुढे लगेच चढ लागत होता आणि चढ संपला की महाखचदरीचा उतार. इंजिने, डबे आणि सामान ठेवायला, गाड्या लावायला सपाट जागा हवी होती, ती चढाच्या अलीकडे इथेच होती. जवळ गोडे पाणी होते. एवढ्या कारणावर रेल्वेने आपले मुख्य ठाणे मोंबासाहून इथे हलवले. रेल्वेपाठोपाठ प्रांताचा अधिकारी माचाकोस सोडून आला आणि अधिकाऱ्यामागून दुकानदार आले.

जागा तशी वाईटच होती. पाणी तुंबे, निचरा नव्हता. हिंदी व्यापाऱ्यांचा बाजार पत्र्याच्या नि लाकडाच्या दुकानांचा, दाटीवाटीचा. १९०२ मध्ये तिथे प्लेग उद्भवला. रोझेन्दो रिबेरो हे आपल्या गोव्याचे डॉक्टर तेव्हा तिथे खासगी व्यवसाय करत होते. झेब्र्यावर बसून रोग्यांकडे जाणारे डॉक्टर म्हणून त्यांचे नाव पुढे फार झाले, पण त्यांचे मोठेपण याहून वेगळे आहे: बाजारातला ताप प्लेगचा आहे हे त्यांनी ओळखले. सरकारने सारा बाजार जाळला. शहर दुसरीकडे हलवावे असे डॉक्टर मंडळी पुढे अनेक वर्षे सांगत राहिली. शहर हलले नाही, कारण रूळ हलणार नव्हते. व्यापाऱ्यांनी पुन्हा दुकाने बांधली. कराचीच्या अलिभाई मुल्ला जीवनजी यांनी मंडई उभारली, बाग बांधून शहराला दिली. ती जीवनजी गार्डन आजही नैरोबीच्या ऐन मध्यात आहे. १९०५ मध्ये वसाहतीची राजधानीही मोंबासाहून इथे आली. शतकानुशतकांचे बंदर, अरबी नि पोर्तुगीज इतिहासाचा किल्ला, हिंदी महासागराचा व्यापार, हे सगळे पदरी असलेल्या मोंबासाला कालच्या रेल्वे-ठाण्याने मागे टाकले. १९०६ मध्ये साडेअकरा हजार वस्तीचे ते गाव २०१९ च्या जनगणनेत त्रेचाळीस लाख सत्त्याण्णव हजारांचे शहर झाले होते.

हा उत्कर्ष निर्मळ नव्हता. किकुयू आणि मसाई यांच्या जमिनी गेल्या. १९१३ मध्ये आरोग्यतज्ज्ञ सिम्प्सन यांनी आरोग्याच्या नावाखाली गोरे, हिंदी आणि आफ्रिकी यांच्या वस्त्या वेगळ्या काढण्याची शिफारस केली, तिचे व्रण त्या शहराच्या नकाशावर अजून आहेत. पाथरीने नैरोबी व्हावे असे आमचे म्हणणे अजिबात नाही. पण माळावर शहर कशाने उभे राहिले, याचे उत्तर तिथे स्पष्ट दिसते, आणि ते उत्तर पाथरीच्या कामाचे आहे.

कारण पाथरीची गोष्ट याच्या बरोबर उलटी आहे. नैरोबीच्या जागी गवत होते तेव्हा पाथरीला चारशे वर्षांची कीर्ती होती. अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी, असे फरिश्ता लिहितो. पूर्वजांचे हे गाव आपल्याकडे असावे म्हणून बुऱ्हाण निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशाहाकडे ते मागितले, बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला, आणि नकार आल्यावर १५१८ मध्ये लढून घेतले. अकबराच्या काळात ऐन-इ-अकबरीत पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार, म्हणजे जिल्ह्याहूनही मोठ्या मुलखाचे ठाणे आहे. आणि याच पाथरीकर वंशाची निजामशाही बुडू लागली तेव्हा ती सावरली कोणी? पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेल्या मलिक अंबर या हबशाने. त्याने १६१० च्या सुमारास खडकी वसवली. शहर वसवताना त्याने तिथे नहर खोदून पाणी आणले. मोगलांनी खडकी लुटून जाळली तरी ती पुन्हा उठली, कारण पाणी आणि वाट दोन्ही तिथे होत्या. तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. निजामशाहीच्या मूळ गावाला मात्र असा कोणी अंबर भेटला नाही.

मग १९०० च्या सुमारास रेल्वे आली आणि जालना, परतूर, सेलू, परभणी, पूर्णा अशी पाथरीच्या उत्तरेने निघून गेली. सेलू कापसाची पेठ झाली. परभणी वाढली, पूर्णा तर रेल्वेचेच गाव झाले. पूर्वी पाथरी तालुक्यातच असलेल्या मानवतचे नाव निदान स्टेशनच्या पाटीवर लागले. मानवत रोड हे स्टेशनही मानवतपासून दूर आहे, पण कापसाच्या गाड्या हाकायला तेवढे अंतर परवडत होते. पाथरीच्या मागे पडण्याचे रेल्वे हे एकच कारण नव्हे. राज्ये बदलली, मोठी ठाणी इतरत्र गेली. तरीही सरकारचे ठाणे असलेले गाव तालुक्याचे गाव म्हणून राहिले आणि पोरेबाळे पुण्या-संभाजीनगरला गेली, यात त्या रुळांचा वाटा मोठा आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

आज पाथरीजवळ काय नाही? दक्षिणेला गोदावरी आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी या भागात येते. काळी जमीन आहे, कापूस आहे, ऊस आहे. कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्ग माजलगावहून पाथरी, मानवत करत परभणीला जातो. पाथरीला स्टेशन तेवढे नाही. आणि आता वेळ अशी आहे की ते मागायलाच हवे. अहिल्यानगरहून निघालेली रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडला पोहोचली, ती पुढे परळीला जायची आहे. मानवत रोडहून पाथरी आणि सोनपेठमार्गे परळीपर्यंत रूळ टाकले, तर गोदावरीच्या दोन्ही काठांचा शेतमाल एका मार्गावर येईल, आणि पाथरी दोन मोठ्या रेल्वेमार्गांच्या मध्ये येईल. मराठवाड्यात रेल्वेची मागणी केली की उत्पन्न किती येणार ते आधी विचारतात. नैरोबीच्या दलदलीला हा प्रश्न विचारला असता तर तिथे एक डबाही थांबला नसता.

जन्मस्थानाच्या शंभर कोटींवर पाथरीतल्या सर्व पक्षांचे पुढारी एका आवाजात बोलले. मंदिराकडचे रस्ते, भक्तनिवास, घाट, सगळे व्हावे. पण येणारा भाविक दर्शन घेऊन संध्याकाळी परत फिरतो, आणि त्याच्या खिशातून गावाला मिळते ते चहापाण्याचे आणि फुला-प्रसादाचे. कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याला त्याच गावात जिनिंग, गोदाम, मालधक्का आणि वेळेवर मिळणारी वाघीण लागते. त्या गोष्टींसाठी पाथरीतून तसा एक आवाज आम्ही अजून ऐकलेला नाही. परभणीच्या खासदारांनी आणि पाथरीच्या आमदारांनी पुढच्या केंद्रीय अर्थसंकल्पाआधी या मार्गाचे सर्वेक्षण मागावे, आणि नगरपरिषदेने त्याचा ठराव करून स्टेशनसाठी जागा आजच राखून ठेवावी.