पेटी उतरवणाराही शिकलेला हवा

रायफलची काडतुसं घरी भरणं हा अमेरिकेत एक रुळलेला छंद आहे. उडवून झालेलं पितळी कवच साफ करायचं, बुडाला ठिणगी देणारा नवा प्राइमर बसवायचा, मोजून दारू ओतायची आणि वर गोळी दाबायची. आपल्याकडे ही हौस कुणाला असली तरी ती सहज भागायची नाही. परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप आहे. आपले नेमबाज वापरतात ती पॉइंट टू टूची काडतुसं तर एकदा उडाली की संपली. त्यांचा ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत असतो आणि फायरिंग पिनच्या ठोक्याने ती कडच चेपते. मग वर्ध्याच्या माणसाला या छंदाशी काय घेणं?

त्या छंदात नवशिक्याला जी शिस्त लावतात, तिच्याशी घेणं आहे. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. पिस्तुलाची झटकन जळणारी दारू चुकून रायफलच्या कवचात गेली तर रायफल हातातच फुटू शकते. माप पुस्तकातल्या कमाल आकड्यापासून नाही, त्याच्या सुमारे दहा टक्के खालून सुरू करायचं. दारू तोलायची ग्रेनच्या दहाव्या हिश्शापर्यंत. ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम. हा काटेकोरपणा उगाच नाही, रायफलच्या चेंबरात दाब हवेच्या तीन-चार हजार पट चढतो. प्राइमर मूळ खोक्यातून काढून बरणीत ओतायचे नाहीत, कारण एकाबरोबर सगळे उडतात. लेबल निघालेली, वास पालटलेली जुनी दारू वापरायची नाही. डोळ्यांवर चष्मा, जवळपास विडी-काडी नाही, हात चालू असताना गप्पा नाहीत, आणि सुरुवातीला शेजारी जाणता माणूस. एवढा बंदोबस्त एका हौशी माणसाच्या दोन डोळ्यांसाठी आणि दहा बोटांसाठी.

आता वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावकडे वळू. २० नोव्हेंबर २०१८ ची सकाळ. तिथल्या दारूगोळा भांडाराच्या हद्दीतलं, सोनेगावजवळचं डेमोलिशन ग्राउंड. जबलपूरच्या खमरिया कारखान्याचा निकामी दारूगोळा नष्ट करायला आणला होता. पेट्या उतरवण्याचं काम ठेकेदाराच्या रोजंदारी मजुरांकडे होतं, आसपासच्या गावांतल्या माणसांकडे. उतरवता उतरवता स्फोट झाला आणि सहा जण गेले. मैदान लष्कराचं, माल कारखान्याचा, माणसं ठेकेदाराची. जबाबदारीचे असे तीन वाटे पडले की कुणाच्याच वाट्याला ती पुरती येत नाही.

पेट्या उतरवणं म्हणजे हमाली, आणि हमालीला कसलं शिक्षण, असा हिशोब या व्यवस्थेत मुरलेला आहे. तो धडधडीत खोटा आहे. मुदत संपलेला दारूगोळा थंड झालेला नसतो, उलट तो बेभरवशाचा झालेला असतो. पुलगावइतकं हे कुणाला माहीत असणार? ३०-३१ मे २०१६ च्या मध्यरात्री याच भांडारात आग लागली आणि दोन लष्करी अधिकाऱ्यांसह जवान व अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. रणगाडाविरोधी सुरुंगांतून पाझरणाऱ्या टीएनटीकडे त्या आगीचं कारण म्हणून बोट दाखवलं गेलं. मरणारे तेव्हा आपल्या कामात तयार झालेले होते, तरी गेले. अडीच वर्षांनी त्याच भांडाराच्या मैदानात तशाच बेभरवशाच्या मालाखाली रोजंदारीचा खांदा दिला गेला.

ही गोष्ट एकट्या पुलगावची नाही. शेजारच्या नागपूर जिल्ह्यात डिसेंबर २०२३ मध्ये बाजारगावला आणि जून २०२४ मध्ये धामण्याला स्फोटकांच्या कारखान्यांत स्फोट झाले. दोन्हीकडे मृतांत बायका अधिक होत्या, त्यातही तरुण मुली. पॅकिंग हेही असंच हलकं समजलं जाणारं काम. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोटात किमान आठ जण गेले. प्रत्येक वेळी मदतीचे आकडे त्याच दिवशी जाहीर होतात. मजुराला कामाला लावण्याआधी कुणी काय शिकवलं होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. (विधानसभेत विचारलंच, तर उत्तरात ‘चौकशी सुरू आहे’ यापलीकडे काही हाती लागत नाही.)

आणि भंगाराचं काय? डेमोलिशन ग्राउंडवर स्फोट उरकले की आसपासची माणसं तांबं-पितळ-लोखंड वेचायला जातात, हे त्या भागात उघड गुपित आहे. त्यांना चोर म्हणून हुसकावणं सोपं आहे. पण न फुटलेला एखादा फ्यूज त्या ढिगात असला तर तो हातात घेणारा अगदीच नवशिका असतो, आणि त्याच्या शेजारी जाणता माणूस नसतो. धातू गोळा करून विकायचाच असेल तर तो भांडारानेच प्रशिक्षित माणसांकडून आधी तपासून घ्यावा आणि मग गावच्या सहकारी संस्थेला वजनावर द्यावा. पेट्या उतरवण्याच्या ठेक्यात तर मजुरांच्या संख्येआधी त्यांना शिकवणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि सही यायला हवी. स्फोट झालाच, तर पहिला प्रश्न त्या सहीवाल्याला विचारता येईल.