लुळ्या हातासाठी पडद्यापलीकडचा फिजिओ

पक्षाघाताने लुळा पडलेला हात पुन्हा चालता करायचा तर फिजिओथेरपिस्ट समोरच हवा, मोबाइलवरचे व्यायाम म्हणजे मनाची समजूत, असे ठामपणे सांगितले जाते. पुराव्यापुढे हे मत टिकत नाही. अमेरिकेतील ११ केंद्रांवर १२४ रुग्णांची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला दवाखान्यात आणि दुसऱ्याला घरी व्हिडिओवरून, पण दोघांना सारखेच उपचार मिळाले: ७० मिनिटांची ३६ सत्रे, त्यांतली निम्मी थेरपिस्टच्या देखरेखीखाली. हाताच्या हालचालींच्या ६६ गुणांच्या मोजपट्टीवर दवाखान्यातला गट सरासरी ८.३६ गुणांनी सुधारला, घरचा ७.८६ गुणांनी. एवढ्याशा फरकापायी बदलापूरच्या मांजर्लीतल्या रुग्णाला रिक्षात घालून, स्टेशनचा जिना चढवून, लोकलच्या गर्दीतून कल्याण-ठाण्याला वारंवार न्यायचे? सोबतच्या माणसाची रजा संपली की ही ने-आण थांबते आणि व्यायामही सुटतो. मग चांगला दवाखाना असूनही त्या हाताला त्याचा काय उपयोग?

याहून वजनदार आक्षेप आपल्याच देशातून येतो. भारतातल्या १४ रुग्णालयांतील १२५० रुग्णांवर ‘अटेंड’ चाचणी झाली. तिच्यात घरच्यांना शिकवून व्यायामाची धुरा त्यांच्यावर सोपवली होती. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबनाचे प्रमाण असे घरचे शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या, दोन्ही गटांत ४७ टक्केच निघाले. या चाचणीने केवळ हात मोजला नव्हता, हे खरे. तरी तिचा इशारा मी गंभीरपणे घेतो. पण तो व्हिडिओवरच्या फिजिओविरुद्ध नाही, चार क्लिपा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मोकळे होणाऱ्यांविरुद्ध आहे. रुग्ण टेबलावरचा पेला उचलतो, घरच्यांना आनंद होतो. प्रत्यक्षात त्याने खांदा वर ओढून, पाठ पुढे झोकून पेला गाठलेला असतो आणि कोपर जेमतेम सरळ झालेले असते. फोन बाजूला, खांद्याच्या उंचीवर ठेवला तर जाणत्या नजरेला ही चोरवाट दूरवरूनही दिसते आणि लगेच सुधारता येते.

स्पर्शाची गरज मी नाकारत नाही. सांध्यातून खाली उतरलेला खांदा, आखडलेली बोटे, सुजलेला पंजा प्रत्यक्ष हाताळूनच तपासावा लागतो, आणि अधूनमधून पुन्हा तपासावा लागतो. ज्याला बोललेलेच समजत नाही, त्याला पडद्यावरून शिकवणेही अवघड. शिवाय त्या अमेरिकी रुग्णांना उपकरणे पुरवलेली होती. इथे घरातला एकमेव फोन कामावर जातो. म्हणूनच उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयासारख्या सरकारी ठिकाणांहून घरी सोडताना रुग्णाच्या कागदावर औषधांच्या खालीच व्हिडिओ-सत्रांचे वार, वेळ आणि थेरपिस्टचे नाव लिहिलेले असावे. आणि ज्याच्याकडे फोन नाही, त्याला स्टँडसह फोन रुग्णालयानेच वापरायला द्यावा.