मुलाखतीची तारीख आणि शेतकऱ्याचें मूल

मृग लागला म्हणजे शेतकऱ्याचें सारें लक्ष आभाळाकडे असतें. बियाणें, खत, वाफसा आणि मजूर यांची जुळवाजुळव चाललेली असते. नेमक्या याच सुमारास मोठमोठ्या शिक्षणसंस्थांच्या प्रवेशाचाही हंगाम येतो. मुलाच्या मुलाखतीची अगर कागदपत्रें दाखविण्याची तारीख या धांदलींत येऊन निघून जाते, आणि पेरणी आटोपल्यावर घरांत कळतें कीं, जागा दुसऱ्यास गेली. हुशार मुलाचें वर्ष अभ्यासांतील उणिवेनें नव्हे, तर एका हुकलेल्या तारखेनें फुकट जावें, ही गोष्ट आपणां शेतकऱ्यांस विचार करावयास लावणारी आहे.

असें घडलें म्हणजे दोन मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतो, मुलगा बेजबाबदार. कोणी म्हणतो, नियम निर्दय, एका दिवसानें काय बिघडतें? आम्हांस दोन्हीं मतें अपुरीं वाटतात. आमची हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. मुदत सैल झाली म्हणजे तिचा लाभ गरिबास क्वचितच होतो, हें आम्हीं तेथें पाहिलें आहे. ज्याची वरपर्यंत ओळख, त्याचा उशिरा आलेला कागद दाखल होतो. ज्याची ओळख नाहीं, तो व्हरांड्यांत बसून राहतो. तेव्हां सर्वांस सारखी लागू होणारी मुदत ही वशिला नसलेल्या माणसाची ढाल आहे. ती मोडावी असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु ती न्याय्य ठरावयास दोन गोष्टी लागतात. एक, ती वेळेवर कळली पाहिजे; दुसरी, ती पाळणें गरिबासही शक्य असलें पाहिजे.

सन २०२४ मधील एक प्रकरण येथें ध्यानांत घेण्यासारखें आहे. उत्तर प्रदेशांतील मुजफ्फरनगर जिल्ह्यांतील एका रोजंदारी मजुराच्या मुलास धनबादच्या आय. आय. टी. मध्यें जागा मिळाली. ती राखण्यासाठीं १७,५०० रुपये २४ जून रोजीं सायंकाळीं ५ वाजेपर्यंत भरावयाचे होते. पैसे जमवितां जमवितां वेळ गेली व भरणा पुरा झाला नाहीं. मुलगा दारें ठोठावीत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३० सप्टेंबर रोजीं तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानें घटनेच्या १४२ व्या कलमाखालीं त्यास प्रवेश देण्याचा हुकूम केला, आणि कोणाची मिळालेली जागा जाऊं नये म्हणून जादा जागा करविली. न्याय झाला, याचा आम्हांस संतोष आहे. परंतु कांहीं मिनिटांच्या उशिराचा निकाल लागावयास तीन महिन्यांवर काळ गेला, आणि त्यासाठीं दिल्ली गांठावी लागली. प्रत्येकास हें कोठून साधणार?

मुलाखतीची गोष्ट तर फीहूनही नाजूक. फी एखादे वेळीं शेजारी भरील. मुलाखतीस मात्र उमेदवारानें स्वतः हजर राहावें लागतें. छत्रपती संभाजीनगर येथें महाराष्ट्र सरकारनें १९७७ सालीं काढलेली सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था लेखी परीक्षेनंतर मुलाखत घेऊनच मुलें निवडते. आणंद येथें १९७९ सालीं स्थापन झालेल्या ग्रामीण व्यवस्थापनाच्या संस्थेचीही हीच रीत आहे. हल्लीं बोलावणें टपालानें येईलच असा भरंवसा नाहीं. तें संकेतस्थळावर लागतें अगर ई-मेलनें येतें. इकडे पुष्कळ घरांतील अर्ज तालुक्याच्या गांवीं संगणकाच्या दुकानांत भरले जातात, व त्यांवर फोन नंबर कित्येकदां त्या दुकानदाराचाच पडतो. मग बोलावणें दुकानांत येतें आणि मूल औताच्या मागें असतें.

यास उपाय काय? पहिला उपाय घरचा. अर्जावर घरांतलाच फोन व मुलाचाच ई-मेल द्यावा, आणि निवड होईपर्यंत रोज एकदां तो उघडून पाहावा. दाखल्यांची तयारी जूनमध्यें करूं नये. नॉन-क्रीमी लेयरच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चबरोबर संपते, हें अनेकांस मुलाखतीच्या आदल्या आठवड्यांत कळतें. रब्बीचें पीक घरीं आल्यावर मृगापर्यंत जो अवकाश असतो, त्यांत उत्पन्नाचा, अधिवासाचा व इतर दाखल्यांसाठीं अर्ज करावा आणि पोच मागून घ्यावी. मुदत केवळ अर्जदारास नाहीं, कचेरीसही आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणें ठरलेल्या दिवसांत दाखला न मिळाल्यास अपील करतां येतें, व कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊं शकतो. हें हत्यार आपल्या हातीं आहे. तें गंजूं देऊं नये.

इतकें करूनही तारीख हुकलीच, तर रडत बसूं नये व पुढाऱ्याच्या दारींही धांवूं नये. त्याच दिवशीं संस्थेस लेखी कळवावें. खरें कारण द्यावें, आजारपण अगर पूर असल्यास पुरावा जोडावा, आणि पुढच्या फेरींत अगर प्रतीक्षा यादींत विचार होईल काय, इतकेंच विचारावें. खोट्या कारणानें गेलेली पत परत येत नाहीं.

दुसरा उपाय संस्थांच्या हातीं आहे. त्यांनीं मुलाखतीचें बोलावणें किमान पंधरा दिवस आधीं धाडावें, तें फोनवरून कळवून पोंचल्याची खात्री करावी, आणि जाहिरातींतच सर्वांसाठीं एक पर्यायी तारीख छापावी. एकास दया दाखवून दिलेली सवड वशिल्यास वाट करून देते. नियमांतच असलेली दुसरी तारीख सर्वांस सारखी मिळते. आपण मागणी करावयाची ती या दुसऱ्या तारखेची.

तिसरा उपाय आपल्या सोसायटीचा. कचेरींत बाजारभावाचा फळा असतो. त्याशेजारीं दुसरा फळा लावून त्यावर प्रवेशाच्या, मुलाखतीच्या व दाखल्यांच्या तारखा लिहाव्यात. गांवांतील एका शिकलेल्या तरुणानें आठवड्यास एक तास दिला तरी हें काम होतें. खर्च खडूचा. कांद्याचा भाव आज पडला तर उद्यां चढेल; मुलाचें वर्ष मात्र एकदां गेलें कीं गेलें. सभासदांनीं येत्या सभेंत हा ठराव मांडावा, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.