कासवांचें रुग्णालय

गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत स्थितप्रज्ञाचें लक्षण सांगतांना कासवाचा जो दृष्टान्त आला आहे, तो आमच्या वाचकांच्या घरांत लहानथोर सर्वांस ठाऊक असेल. कासव जसें सर्व बाजूंनीं आपले अवयव आंत ओढून घेतें, तसा ज्ञानी पुरुष इंद्रियांस विषयांपासून आवरून धरतो, हा त्याचा भाव. देवळांत शिरतांच सभामंडपाच्या फरशींत दगडी कासव दिसतें, तेव्हां आजी नातवंडांस हाच अर्थ समजावून सांगते. दृष्टान्त चोख आहे. मात्र तो तळ्यांतल्या व जमिनीवरच्या कासवास लागू पडतो, समुद्रांतल्या कासवास नव्हे. सागरी कासवाला मान किंवा पाय कवचांत ओढून घेतांच येत नाहींत. पोहण्यासाठीं त्याचे पाय वल्ह्यांसारखे लांब व चपटे झाले, कवच सपाट झालें, आणि अवयव लपविण्यास आंत जागाच उरली नाहीं. संकट आलें तरी त्याचीं चारही वल्हीं उघडींच राहतात. कोट्यवधि वर्षें ह्यामुळें त्याचें फारसें बिघडलें नाहीं, कारण पोहून दूर जाणें हाच त्याचा बचाव होता. नायलॉनचें जाळें समुद्रांत आलें, आणि तो बचाव निरुपयोगी ठरला.

हें प्रास्ताविक करण्याचें कारण, आज आम्हांस वाचकांना डहाणूच्या कासवांच्या रुग्णालयाची ओळख करून द्यावयाची आहे. चिकूच्या वाड्या, इराणी बागायतदार, चैत्रांतील महालक्ष्मीची यात्रा आणि वारली चित्रें ह्यांपुरतेंच डहाणू पुष्कळांस माहीत असतें. २०१४ च्या ऑगस्टांत ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याचा हा उत्तरेकडील भाग. पूर्वेस सायवन आणि तलासरीच्या बाजूस डोंगर व पाडे. पश्चिमेस झाईपासून चिंचणीपर्यंत समुद्र आणि मांगेला लोकांचीं गांवें. येथें वनखातें आणि ‘वाइल्डलाइफ काँझर्व्हेशन ॲण्ड ॲनिमल वेल्फेअर असोसिएशन’ ही स्थानिक कार्यकर्त्यांची संस्था मिळून किनाऱ्यास लागलेल्या जखमी व आजारी सागरी कासवांवर उपचार करतात. पशुवैद्य डॉ. दिनेश विन्हेरकर यांचें नांव ह्या कामाच्या संबंधांत वर्तमानपत्रांतून वारंवार वाचावयास मिळालें आहे. रुग्णालय हा शब्द मोठा वाटेल. दवाखान्याच्या भव्य इमारतीची कल्पना मनांत आणूं नये. खाऱ्या पाण्याच्या टाक्या, औषधें, आणि वेळीं-अवेळीं धांवून येणारीं माणसें एवढ्यावर हें काम उभें राहिलें आहे.

येथें येणारीं कासवें प्रायः पावसाळ्यांतलीं असतात, आणि ह्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. विणीसाठीं मादी किनाऱ्यावर येते ती आपल्या कोंकणपट्टींत साधारणपणें नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. तीही रात्रीं येते, वाळूंत खड्डा करून अंडीं घालते आणि तासाभरांत परत जाते. नर तर एकदां समुद्रांत शिरला म्हणजे बहुधा जन्मांत पुन्हां जमिनीवर येत नाहीं. तेव्हां भर आषाढांत एखादें कासव वाळूवर पडलेलें दिसलें, तर तें हौसेनें आलेलें नव्हे. दूर समुद्रांत जखमी झालेलें, पोहण्याची शक्ति गेलेलें तें जनावर नैर्ऋत्येच्या वाऱ्यानें व लाटांनीं लोटून आणलेलें असतें. ह्यांत बहुतेक ऑलिव्ह रिडले जातीचीं असतात. हिरवीं कासवें व चोंचवालीं कासवेंही मधून मधून येतात.

दुखण्याचे प्रकार मुख्यतः तीन. पहिला जाळ्याचा. फाटलेलीं, तुटलेलीं, किंवा वादळांत सुटून गेलेलीं जाळीं समुद्रांत वर्षानुवर्षें तरंगत असतात. सुती जाळें कुजून जात असे, नायलॉनचें कुजत नाहीं. अशा जाळ्याचा फांस वल्ह्यास बसला म्हणजे सुटण्याच्या धडपडीनें तो अधिकच आवळत जातो, रक्त पोहोंचेनासें होतें, मांस सडतें, हाड उघडें पडतें आणि अखेर तो पाय गळून तरी पडतो किंवा वैद्यास कापावा लागतो. दुसरा प्रकार फुप्फुसांचा. कासवाचीं फुप्फुसें पाठीच्या कवचाला लागूनच असतात. त्यांत पाणी किंवा रोग शिरला, अथवा शरीरांत भलतीकडे हवा कोंडली, कीं कासव एका अंगावर कलून पाण्यावर तरंगत राहतें. त्यास बुडी मारतां येत नाहीं. बुडी नाहीं म्हणजे अन्न नाहीं. पाठ उन्हानें भाजते, तिच्यावर शेवाळ व शिंपले वाढतात. तिसरा प्रकार पोटांत गेलेल्या प्लॅस्टिकचा. पाण्यांत तरंगणारी पिशवी कासवास जेलीफिशसारखी दिसते हें आपण ऐकतों. पण नुसत्या दिसण्याचा हा दोष नाहीं. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका प्रयोगांत असें आढळलें कीं, समुद्रांत कांहीं दिवस राहिलेल्या प्लॅस्टिकवर जे सूक्ष्म जीव चढतात, त्यांचा वास कासवांस अन्नाच्या वासासारखाच ओढून घेतो. आणि एकदां घांस तोंडांत गेला कीं तो परत टाकणें कठीण, कारण कासवाच्या घशांत आंतल्या दिशेनें वळलेले कांटे असतात. निसरडें भक्ष्य निसटूं नये म्हणून निसर्गानें केलेली ही तजवीज येथें जिवावर उठते.

उपचारांविषयीं आमच्या वैद्यकप्रेमी वाचकांस कुतूहल असेल. आणलेलें कासव लगेच खोल टाकींत सोडीत नाहींत, कारण अशक्त कासव पाण्यांत बुडून मरतें. हें वाक्य वाचून कोणी हंसेल. पण कासव माशाप्रमाणें कल्ल्यांनीं श्वास घेत नाहीं, त्यास आपल्याप्रमाणेंच नाकानें हवा घ्यावी लागते. म्हणून प्रथम थोड्या पाण्यांत किंवा ओल्या फडक्यांवर ठेवून अंगांतील पाण्याची तूट सलाईननें भरून काढावयाची, अंगावरील शिंपले व जळवा गोड्या पाण्यानें सैल करून काढावयाच्या, जखमा धुवावयाच्या. मग क्ष-किरणांनीं फुप्फुसें व हाडें पाहावयाचीं. खात नसेल तर नळीनें पोटांत पातळ अन्न घालावयाचें, आणि भूक लागल्यावर मासे व म्हाकूल. तरंगणाऱ्या कासवाच्या पाठीवर उचललेल्या बाजूस वजन चिकटविण्याची युक्तिही जगांत अनेक ठिकाणीं वापरतात. डहाणूंत जखमा भरण्यासाठीं लेसर किरणांचा उपयोग केला गेला आहे. रोग्यांस शक्यतों निरनिराळें ठेवावें लागतें, कारण शांत स्वभावाचें म्हणून प्रसिद्ध असलेलें हें जनावर शेजाऱ्यास कडाडून चावतें. ह्या सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे धीर. कासवाचें रक्त थंड, त्याचा सगळाच व्यवहार सावकाश. औषध अंगांत हळू पसरतें, जखम हळू भरते. माणसाची जी जखम पंधरवड्यांत बुजेल, तिला येथें महिने लागतात, आणि तितके महिने टाकीचें पाणी बदलणें चुकत नाहीं.

बरें झालेल्या कासवाचें पुढें काय, ह्या प्रश्नाशीं आम्हांस थोडें थांबावयाचें आहे. पुढचें एक वल्हें गेलेलें कासव तीन वल्ह्यांवर पोहावयास शिकतें, बुडी मारतें, स्वतः अन्न मिळवितें. अशीं कासवें समुद्रांत सोडतात आणि तेंच योग्य. पण पुढचीं दोन्ही वल्हीं गेलीं तर? तें टाकींत जगेल, आणि सागरी कासवाचें आयुष्य कांहीं दशकांचें असतें. एका बाजूस म्हणतां येईल कीं, ज्याला हजारों मैल पोहावयाचें त्यास पंधरा फुटांच्या टाकींत जन्मभर ठेवणें ही दया नव्हे. दुसऱ्या बाजूस, डोळे उघडून आपल्याकडे पाहणाऱ्या, खाणाऱ्यापिणाऱ्या जिवास मारा असें सांगणारा कोण? आमचा कौल, अगदीं निःशंक नसला तरी, त्यास ठेवून घेण्याकडे आहे. मात्र तें तमाशासाठीं नसावें. १९५१ मध्यें सुरू झालेलें मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय आमच्या पुष्कळ वाचकांनीं बालपणीं पाहिलें असेल. कांचेमागचें प्राणी पाहून मुलांस आनंद होतो हें खरें. पण पाय तुटलेल्या कासवासमोर मुलास उभें केलें, तर तो कसा तुटला हेंही त्यास सांगितलें पाहिजे.

परदेशांत असें काम मोठ्या प्रमाणावर चालतें. अमेरिकेंतील फ्लोरिडा प्रांतांत १९८६ पासून कासवांचें एक स्वतंत्र रुग्णालय आहे, आणि तें प्रथम एका प्रवासी निवासाच्या उत्पन्नावर उभें राहिलें. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर दर हिवाळ्याच्या तोंडीं थंडीनें गारठून निश्चेष्ट झालेलीं कासवें लाटांबरोबर येतात, आणि बोस्टनच्या मत्स्यालयाचे लोक त्यांस हळूहळू ऊब देऊन जागें करतात. हीं बहुतेक केम्प्स रिडले जातीचीं, म्हणजे आपल्या ऑलिव्ह रिडलेचीं सख्खीं भावंडें. त्या जातीचा इतिहास भयंकर आहे. १९४७ सालीं मेक्सिकोच्या किनाऱ्यावर एकाच दिवशीं सुमारें ४०,००० माद्या अंडीं घालतांनाचें चलच्चित्र एका गृहस्थानें घेतलें होतें. १९८५ च्या सबंध वर्षांत तेथें अवघीं सातशेंच्या आसपास घरटीं मोजलीं गेलीं. विपुलता किती लवकर संपते ह्याचा दाखला आणखी शोधावयास नको.

आपल्याकडे विणीच्या बाजूनेंही काम झालें आहे. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास गांवीं चिपळूणच्या ‘सह्याद्रि निसर्ग मित्र’ संस्थेनें २००२ पासून अंड्यांचें रक्षण आरंभिलें, आणि २००६ पासून तेथें कासव महोत्सव भरूं लागला. एके काळीं जीं अंडीं खणून विकलीं वा खाल्लीं जात, त्यांतून निघालेलीं पिलें समुद्राकडे जातांना पाहण्यास आतां शहरांतलीं कुटुंबें जातात. कासवी आपल्या पिलांस नुसत्या दृष्टीनें पोसते, असें संतांच्या वाङ्मयांत सांगितलेलें आपण वाचतों. सागरी कासवी मात्र शंभरावर अंडीं वाळूंत पुरून जाते ती पुन्हां पाहावयास येत नाहीं; अंड्यांतून नर निघावा कीं मादी, हें देखील वाळूची ऊब ठरविते. २०२२ च्या जानेवारींत वेळासला ‘प्रथमा’ नांवाच्या मादीच्या पाठीवर उपग्रहास संदेश देणारें यंत्र बसविलें गेलें. त्याहून नवल हें कीं, २०२१ मध्यें ओडिशाच्या किनाऱ्यावर भारतीय प्राणिसर्वेक्षणानें पायांत बिल्ला घातलेली एक मादी २०२५ च्या जानेवारींत गुहागरला अंडीं घालतांना आढळली. हें अंतर सुमारें साडेतीन हजार किलोमीटरांचें. म्हणजे डहाणूच्या टाकींत पडलेलें कासव कोणत्या किनाऱ्याचें, हें सांगणें सोपें नाहीं.

रुग्णालयानें कासव वांचतें, कासवांची जात वांचत नाहीं, हें तेथें राबणारी माणसेंही जाणतात. दुखण्याचें मूळ जाळ्यांत आहे, आणि जाळें मच्छीमाराच्या पोटाशीं बांधलेलें आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें कासव मारणें गुन्हा ठरविलें. पण जाळ्यांत आलेलें कासव सोडण्यासाठीं मांगेल्यानें हजारों रुपयांचें जाळें स्वतः कापावें, ही अपेक्षा पुण्यामुंबईंत बसून करणें सोपें. म्हणून महाराष्ट्र सरकारनें २०१८ च्या डिसेंबरांत काढलेली योजना आम्हांस फार शहाणपणाची वाटते. संरक्षित प्राणी सोडण्यासाठीं जाळें कापल्यास कमाल २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळूं लागली. ट्रॉलरच्या जाळ्यांत कासवास बाहेर पडण्याची खिडकी ठेवण्याची युक्ति कोचीच्या केंद्रीय संस्थेनें तयार केली आहे. परंतु खिडकींतून मासळीही निसटते म्हणून ती वापरण्यास मच्छीमार नाखूष असतात. अमेरिकेनें २०१९ मध्यें आपल्या समुद्रांत पकडलेली कोळंबी घेणें थांबविलें, तें ह्याच कारणानें.

डहाणूच्या समुद्रापुढें आणखी एक प्रश्न आहे. १९९१ मध्यें हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणानें १९९८ मध्यें वाढवणच्या बंदरास नकार दिला होता. २०२३ मध्यें त्याच प्राधिकरणाची संमति मिळाली आणि २०२४ च्या ऑगस्टांत बंदराची पायाभरणी झाली. बंदर हवें कीं नको, ह्याचा निकाल देण्याचें हें स्थळ नव्हे. मात्र त्यासाठीं लागणाऱ्या अफाट खर्चांतून कासवांच्या टाक्यांसाठीं कायमची तरतूद व्हावी, ही मागणी कोणत्याही पक्षास जड वाटूं नये.

राहतां राहिली आपल्या घरची गोष्ट. सायवनकडच्या ओढ्यांचें पाणीही अखेर ह्याच समुद्रास मिळतें, मग शहरांच्या नाल्यांचें काय सांगावें. आणि नदींत, खाडींत जीं प्लॅस्टिकें जातात त्यांत निर्माल्याच्या पिशव्या कांहीं थोड्या नसतात. बेल, फुलें, दूर्वा बागेच्या मातींत पुरल्या तर कोणत्याही शास्त्रास बाध येत नाहीं. त्या पिशवींत बांधून पुलावरून भिरकावण्याची चाल कोणत्या सूत्रग्रंथांत सांगितली आहे, तें आम्हांस कोणी दाखवावें.

समुद्रकिनारीं जाणाऱ्यांसाठीं आणखी थोडें. पडलेलें कासव दिसतांच चार माणसें मिळून त्यास पुन्हां पाण्यांत ढकलतात, आणि पुण्य केलें असें मानून घरीं येतात. तसें करूं नये. वर सांगितल्याप्रमाणें तें पाण्यांत टिकत नाहीं म्हणूनच बाहेर आलेलें असतें. जाळ्यांत गुदमरून निश्चेष्ट झालेलें कासवही मेलेंच असें समजूं नये. त्यास पोटावर ठेवून मागची बाजू वीतभर उंच करावी म्हणजे फुप्फुसांतलें पाणी निघतें. शुद्धीवर येण्यास चार तासांपासून चोवीस तासही लागतात. वनखात्याच्या १९२६ ह्या क्रमांकावर कळवावें. माणसें येईपर्यंत मुलांची गर्दी दूर ठेवावी, कासवावर सावली धरावी आणि पाठीवर ओलें फडकें घालावें. नाकपुड्यांवर तें येऊं देऊं नये.