टायरमधील पाणी : कोंडावे की वाहू द्यावे?

हातातील नियंत्रकाच्या रेडिओ-संदेशांवर धावणारा लहानसा ट्रक हे केवळ मुलांचे खेळणे आहे, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः मोटर, दंतचक्रे, स्प्रिंगा आणि चाके यांची जी जुळणी मोठ्या वाहनात असते, तिचेच हे आटोपशीर रूप होय. जपानमधील तामिया या कंपनीने १९७६ साली आपली पहिली रेडिओ-नियंत्रित मोटारगाडी बाजारात आणली. पुढे १९८७ मध्ये त्याच कंपनीचा ‘क्लॉड बस्टर’ हा अवजड चाकांचा, चारही चाकांना गती देणारा ट्रक आला. अशी वाहने खडकांवर, वाळूत, चिखलात व डबक्यांतही चालविली जातात. त्यांतील डबक्यांमुळे एक प्रश्न उभा राहतो. तो दिसावयास क्षुल्लक, परंतु विचार करू जाता बोधप्रद आहे. टायरमध्ये शिरणाऱ्या पाण्याचे काय करावे?

या प्रश्नावर दोन पक्ष आहेत. पाणी आत येऊच नये म्हणून टायर सर्व बाजूंनी बंद करावा, असे पहिला पक्ष म्हणतो. आलेले पाणी बाहेर पडेल अशी वाट ठेवावी, असे दुसऱ्याचे म्हणणे आहे. यांपैकी दुसरा पक्षच अधिक ग्राह्य का, हे टायरची रचना पाहिल्यास स्पष्ट होते.

सायकलीच्या चाकाप्रमाणे या टायरमध्ये हवा भरलेली नसते. त्याला ट्यूब नसते आणि हवा भरण्याची झडपही नसते. रबरी टायर प्लॅस्टिकच्या रिमवर बसवून त्याच्या कडा बहुधा झटपट सुकणाऱ्या गोंदाने चिकटवितात, आणि आकार टिकावा म्हणून आत स्पंजासारख्या फोमचे कडे घालतात. टायर दगडावर दबला म्हणजे आतील हवेला बाहेर जाता यावे व तो पुन्हा फुगला म्हणजे तिला आत येता यावे, यासाठी बऱ्याच रिमांना बारीक छिद्रे ठेवलेली असतात. या श्वासोच्छ्वासामुळे टायर जमिनीशी मिळते घेतो, आणि पकड त्यावरच अवलंबून असते.

मात्र ज्या छिद्रातून हवा ये-जा करते, त्यातूनच पाणीही येते. डबक्यात चाक दबते, हवा बुडबुड्यांच्या रूपाने निघून जाते. चाक पूर्ववत होताना तिच्या जागी पाणी ओढले जाते. म्हणजे टायर हा एक लहानसा पंपच बनतो. याला तापमानाची जोड मिळते. उन्हात धावून आतील हवा ५० अंश सेल्सियसपर्यंत तापली आणि चाक २५ अंशांच्या पाण्यात उतरले, तर ती हवा निवताना सुमारे एक-तेरांशाने आकुंचन पावते. तेवढी जागा भरून काढण्यास बाहेरचे पाणी सिद्धच असते.

आत गेलेले पाणी फोम शोषून घेतो. त्याचा परिणाम केवळ वजन वाढण्याएवढाच नसतो. १५ सेंटिमीटर व्यासाचे चाक ताशी ३० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर ते सेकंदास सुमारे १८ फेरे घेते. आसापासून साडेसहा सेंटिमीटरांवर असलेल्या पाण्यावर अशा वेळी त्याच्या वजनाच्या सुमारे ८० पट केंद्रोत्सारी ओढ पडते. एकाच बाजूस १० ग्रॅम पाणी साचले, तर ८०० ग्रॅम वजनाइतकी ओढ दर फेऱ्यागणिक आसाला हिसके देत राहते. शिवाय, परिघाजवळ फिरणारे वजन पुढे सरकवावे लागते आणि गरगर फिरवावेही लागते. म्हणून तेथील १०० ग्रॅम पाण्याला वेग देण्यास, ट्रकच्या पाठीवर ठेवलेल्या सुमारे १७५ ग्रॅम ओझ्याइतकी शक्ती खर्च होते. मोटर तापते, बॅटरी लवकर संपते, बेअरिंगे व दंतचक्रे झिजतात. आणि ओला फोम तसाच राहिला तर तो कुजतो.

मग छिद्रेच बुजवावीत, हा विचार साहजिक आहे. तथापि तो तिन्ही अंगांनी उणा पडतो. पहिली गोष्ट अशी की, हवा कोंडलेला टायर चेंडूसारखा उसळतो. आतली हवा छिद्रातून ये-जा करताना जो धक्का शमतो, तो शमेनासा होतो. दुसरी, हवेने भरलेली चार बंद चाके खोल पाण्यात तरंगू पाहतात व तळाशी असलेली पकड सुटते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कोणताही सांधा कायमचा अभेद्य नसतो. दगडाच्या एका आघाताने गोंदाची कडा केसभर उकलली की पाणी आत शिरतेच. परंतु बाहेर पडण्यास त्याला मार्ग उरत नाही. पाणी बाहेर ठेवण्यासाठी केलेला बंदोबस्त आता पाणी आत कोंडून ठेवतो.

याउलट, रिमची छिद्रे पक्क्या चिकटपट्टीने झाकावीत आणि टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या पृष्ठभागावर, मध्यरेषेत, समोरासमोर दोन बारीक छिद्रे पाडावीत. चामड्याला भोके पाडण्याचा पंच या कामी पुरतो. गोल छिद्राला चीर जाण्याची भीती कमी असते. या मांडणीत थोडे पाणी आत येईलच. परंतु जी ओढ चाकाला हिसके देत होती, तीच आता पाण्याला परिघाकडे लोटून छिद्रावाटे बाहेर फेकते. रिमची छिद्रे आसाच्या जवळ असल्यामुळे हे कार्य त्यांच्याकडून होऊ शकत नाही. फिरते चाक पाण्याला त्यांच्यापासून दूरच नेते. छिद्र असावे की नसावे, यापेक्षा ते कोठे असावे हाच येथे खरा प्रश्न आहे.

हे तत्त्व नवे नाही. घाटरस्त्याच्या आधारभिंतीत बांधणारे मुद्दाम छिद्रे ठेवतात. ती नसती तर मागे साचलेल्या पाण्याच्या दाबाने भिंतच ढासळली असती. जहाजाच्या डेकवर लाट येणार, हे गृहीत धरूनच कठड्याला पाणी वाहून जाण्याची दारे ठेवतात. आणि कुंडीच्या तळाशी छिद्र का असते, हे तर घरातील लहान मूलही जाणते.

या मताविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा की, उघड्या छिद्रातून धूळ व रेती आत जाईल, चिखलाने छिद्र बुजेल. हे खरे आहे. म्हणून प्रत्येक फेरीनंतर छिद्रे तपासणे व काडीने मोकळी करणे अगत्याचे आहे. दुसरा आक्षेप संथ चालणाऱ्या, खडकांवर चढणाऱ्या ट्रकांविषयी आहे. वेग एक-दशांश झाला की केंद्रोत्सारी ओढ एक-शतांशावर येते. ताशी ३ किलोमीटर वेगाने ती पाण्याच्या वजनाहूनही कमी भरते, आणि ओल्या स्पंजातून पाणी काढण्यास ती असमर्थ ठरते. अशा ट्रकासाठी बंद कोशांचा फोम वापरावा. त्याचे बुडबुडे एकमेकांस जोडलेले नसल्यामुळे तो पाणी जवळजवळ शोषीत नाही, आणि टायरच्या पोकळीत उरलेले पाणी छिद्र खाली आले की आपल्याच वजनाने गळून जाते. म्हणजे हा आक्षेप तत्त्व खोडून काढीत नाही. त्याला पूरक साधन सुचवितो.

ट्रक उचलून धरून, चाके भरवेगात फिरवून पाणी झटकण्याची एक रीत आहे. ती मात्र त्याज्य मानली पाहिजे. जमिनीचा भार नसलेले चाक अतिशय वेगाने फिरते, रबर फुगत जाते आणि टायर फाटून इजा होण्याचा संभव असतो. कोरड्या जमिनीवर मध्यम वेगाने काही फेऱ्या मारणे हेच सुरक्षित होय.

उत्पादकांकडूनही एक अपेक्षा रास्त आहे. अनेक ट्रकांच्या वेष्टनावर ‘जलरोधक’ असा शब्द असतो. त्याचा रोख सामान्यतः मोटरचा वेगनियंत्रक, संदेशग्राहक इत्यादी विद्युत भागांकडे असतो. टायरांचा त्यात समावेश नसतो. विद्युत उपकरणांच्या आवरणांसाठी आयईसी ६०५२९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि त्यातील पाण्याविषयीचा ७ हा अंक १ मीटर खोलीवर ३० मिनिटे बुडविण्याची कसोटी दर्शवितो. एवढी काटेकोर भाषा उपलब्ध असताना मोघम शब्दावर विसंबणे ग्राहकाच्या हिताचे नाही. कोणता भाग, किती खोल, किती वेळ, आणि चाकातील पाणी कोठून बाहेर पडेल, हे वेष्टनावर छापण्यास फारशी जागा लागत नाही.

शाळांना हा वाद स्वतः तपासून पाहता येईल. त्यासाठी स्वयंपाकघरातील ग्रॅम दाखविणारा काटा पुरे. कोरडे चाक तोलावे. मग ते पाण्यात दहा वेळा दाबून पुन्हा तोलावे. ट्रकाला लावून ठरावीक अंतर चालवावे आणि तिसऱ्यांदा तोलावे. एक चाक बंद, दुसरे रिमला छिद्रे असलेले, तिसरे पृष्ठभागावर छिद्रे असलेले, अशी तुलना करून आकडे फळ्यावर मांडावेत. एखाद्या वर्गाचे आकडे येथील प्रतिपादनाच्या उलट आले, तर फोम कोणता होता, वेग किती होता, सांधा कोठे उकलला होता, हे विद्यार्थ्यांना शोधावे लागेल. छापील पुस्तिकेपेक्षा काट्यावरील आकड्याला अधिक मान देण्याची सवय त्यातूनच लागते.