कोरी सुई आमच्या हातात द्या!

माझ्या आईनं जन्मभर सुया बघितल्या. पण सगळ्या वापरून झालेल्या.

मुंबईतल्या एका दवाखान्यात ती कंत्राटावर साफसफाई करते. तिथं तिला नाव नाही, सगळे 'मावशी' म्हणतात. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, नळ्या-सिरिंजा लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात. २०१६ चे दवाखान्याच्या कचऱ्याचे नियम तिला तोंडपाठ आहेत. दोनदा तिच्या बोटात सुई घुसली. ज्यानं ती डब्याबाहेर फेकली त्याला कुणी जाब विचारला नाही. तिला मात्र विचारलं, 'मावशी, बघून काम करता येत नाय का?'

दोस्तांनो, सांडलेलं रक्त पुसायला आपण. मग शिरेतलं रक्त काढायला कोण? हा प्रश्न मला बारावी झाल्यावर पडला आणि मी ठरवलं, आपण सुई धरायची. कोरी.

या कामाला फ्लेबोटॉमी म्हणतात. नाव जड, काम नाजूक. कोपराच्या आतल्या अंगाची शीर डोळ्यांनी नव्हे, बोटानं शोधायची. दंडाचा पट्टा मिनिटाच्या आत सोडायचा. निळ्या बुचाची नळी आधी, जांभळी नंतर, राखाडी शेवटी. जांभळ्या नळीतलं रसायन दुसऱ्या नळीत गेलं तर पोटॅशियमचा आकडा खोटा फुगतो आणि डॉक्टर नसलेल्या रोगाला औषध देतो. पेशंट समोर असतानाच नळीवर त्याचं नाव घालायचं, नाहीतर एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जातं. ही हमाली नाही. ही विद्या आहे. आणि या देशात विद्या म्हटलं की दारात कुणीतरी द्रोणाचार्य उभा असतोच. फरक इतकाच, आजचा द्रोणाचार्य अंगठा मागत नाही. फी मागतो.

मी ती दिली. उपनगरातल्या एका क्लासवाल्याला चाळीस हजार. आईनं बचत गटातून उचलले. चार महिने रबरी हातात सुया टोचल्या. रबरी हात ओरडत नाही, त्याची शीर सरकत नाही, त्याला चक्कर येत नाही. शेवटी सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट मिळालं. ते घेऊन लॅबमध्ये गेलो. तिथल्या माणसानं एकच विचारलं, 'जिवंत माणसाला किती वेळा टोचलंय?' मी गप. तो म्हणाला, 'मग हे घरी लाव भिंतीला.'

त्या रात्री मला रडू आलं नाही, राग आला. तो दुपटीनं वाढला जेव्हा कळलं, की हेच शिक्षण सरकारी योजनेत फुकट आहे. २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल विकास योजना चालू आहे. तिच्यात शिकणाऱ्यानं फी द्यायची नसते, केंद्राला पैसे सरकार देतं. १८ जून २०२१ ला, करोना अंगावर आला तेव्हा, एक लाखाहून जास्त पोरांना घाईघाईनं शिकवायचा कार्यक्रम काढला. सहा कामं शिकवायची होती, त्यातलं एक नमुने गोळा करायचं. घशातला नमुना घेताना ज्याच्या तोंडावर पेशंट खोकणार, त्याला शिकवायला तिजोरी लगेच उघडली. मरण स्वस्त झालं की आमचे हात त्यांना आठवतात!

मग ही गोष्ट आमच्या वस्तीत का पोचली नाही? क्लासवाल्याचं पोस्टर मात्र आमच्या संडासाच्या भिंतीपर्यंत पोचलं. योजना असते कागदावर, दलाल असतो दारात. आपलं अज्ञान हा त्याचा धंदा आहे.

मी पुन्हा शिकलो, या वेळी सरकारी योजनेच्या केंद्रात आणि दवाखान्याच्या वॉर्डात. पहिली शीर एका म्हातारीची होती. माझा हात थरथरत होता. तिनं आडनाव विचारलं नाही. 'पोरा, दुखंल का रं?' एवढंच विचारलं. नळीत रक्त चढलं तेव्हा मला आईचा पांढरा डबा आठवला.

आता कुणी म्हणेल, मिळालं ना फुकट, मग कसली बोंब? बोंब आहे. दोन गोष्टींसाठी.

पहिली. फी माफ म्हणजे फुकट नव्हे. दिवसाला मजुरी केली तर चूल पेटते, त्या घरातलं पोरगं महिनोन्‌महिने केंद्रात बसलं तर मजुरी कोण भरणार? लोकलचा पास कोण काढणार? माझ्यासोबतच्या दोन पोरी अर्ध्यातच गेल्या. पैकी एक आज धुणंभांडी करते. हजेरीपटावर त्यांच्यापुढे 'गैरहजर' लिहिलं. 'उपाशी' असा रकाना त्या पटात नव्हता. विद्यावेतनाशिवाय प्रशिक्षण ही पोट भरलेल्यांची योजना आहे.

दुसरी. हे छोटे कोर्स काही शे तासांचे. आणि २०२१ चा संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा काय सांगतो? त्याखाली व्यावसायिक म्हणवून घ्यायचं तर डिप्लोमा किंवा डिग्री पाहिजे, कमीत कमी २००० तासांची, दोन ते चार वर्षांत पसरलेली. म्हणजे बघा डाव. शे-दोनशे तासांची शिडी आमच्यासाठी फुकट, दोन हजार तासांची शिडी पैसेवाल्यासाठी. आम्ही जन्मभर नमुने गोळा करत दारोदार हिंडायचं आणि आत मशीनवर दुसरा बसणार. झाडूच्या जागी सुई आली, पण पायरी तीच राहिली तर काय उपयोग?

सफाई कामगाराच्या वारसाला लाड-पागे समितीच्या शिफारशींवर नोकरी मिळते. त्या भाकरीला मी नावं ठेवत नाही. पण बापाच्या पोटी पोराला कामाचा वारसा मिळावा आणि विद्येचा मिळू नये, हा कुठला न्याय? आणि माझ्या आईसारख्या कंत्राटी बाईच्या पोराला तर तोही नाही.

बाबासाहेबांनी २९ ऑक्टोबर १९४२ च्या निवेदनात व्हाइसरॉयकडे अस्पृश्यांच्या तक्रारी मांडल्या, तेव्हा विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. दया मागितली नाही, वाटा मागितला. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालत आली ती त्याच लढ्यातून. ती आज मान्यताप्राप्त लॅब डिप्लोमालाही लागू होते. 'मान्यताप्राप्त' हा शब्द नीट वाचा. सोनेरी शिक्का म्हणजे मान्यता नव्हे.

म्हणून नव्या पोरापोरींना सांगतो. पैसे काढण्याआधी तोंड उघडा. विचारा: केंद्र सरकारी योजनेत आहे का? असेल तर फी कसली मागता? सर्टिफिकेट कोण देणार? दवाखान्यात जिवंत माणसावर, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली, किती दिवस हात चालवायला मिळणार? कावीळ-बीची लस देणार का? तिचे तीन डोस असतात, पहिला, महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. ज्याला लस न देता सुई देतात, त्याचा जीव ते मोजत नाहीत. उत्तरं तोंडी घेऊ नका, कागदावर घ्या. एकट्यानं जाऊ नका, चौघं जा. एकट्याला हाकलतात, चौघांना खुर्ची देतात.

आणि एवढ्यावर थांबू नका. छोटा कोर्स भाकरीसाठी करा, पण नजर डिप्लोमावर ठेवा. आमची मागणी सरळ आहे: पालिकेच्या रुग्णालयांतच हे शिक्षण द्या, मजुरी बुडते तेवढं विद्यावेतन द्या, लस द्या आणि छोटा कोर्स केलेल्याला नोकरी करत दोन हजार तास पुरे करायची वाट द्या.

वस्तीतल्या प्रत्येक भिंतीवर क्लासवाल्याच्या पोस्टरशेजारी आपला कागद लागला पाहिजे: 'हे शिक्षण फुकट आहे. विचारा.' मी माझ्या गल्लीत लावला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी फाडला. मी पुन्हा लावला. आता तो फाडायला येणाऱ्याची मी वाट बघतोय.

आई अजून पांढरा डबा उचलते. तिनं उचललेल्या सुयांचा हिशेब कुणीच ठेवला नाही. तो आपण मांडायचा आहे.

जय भीम!