इम्प्लांटभोवतीचे हाड

टायटॅनियमचा इम्प्लांट जबड्यात स्थिरावतो तो भोवतालचे हाड त्याला घट्ट बिलगते म्हणून. हाड विरळ असल्यास ते वाढावे यासाठी वृद्धिघटक, म्हणजे पेशींना वाढीची सूचना देणारी प्रथिने, वापरली जातात. त्यांतील बीएमपी-2 ला अमेरिकेत जबड्याच्या काही शस्त्रक्रियांसाठी 2007 साली मान्यता मिळाली. ते प्रथिन प्रयोगशाळेत तयार होते खरे. परंतु ज्या स्पंजात ते भिजवतात, तो गोवंशाच्या कोलॅजेनचा असतो. हाडाची भुकटीही पुष्कळदा गाईच्या हाडाचीच असते. अहिंसा पाळणाऱ्या घरांनी विचारल्याखेरीज ही माहिती पुढे येईलच असे नाही.

पीआरएफ पद्धतीत रुग्णाचेच थोडे रक्त काढून लगेच यंत्रात फिरवतात. त्यातून जमणाऱ्या जाळीदार गुठळीतील प्लेटलेट्स काही दिवस वृद्धिघटक सोडत राहतात. हिरडी भरून येण्यास तिचा उपयोग होतो. हाडाबाबतचा पुरावा मात्र संमिश्र आहे. (तंबाखू आणि अनियंत्रित मधुमेह असेल, तर कोणत्याही घटकाकडून फार अपेक्षा ठेवू नये.) हाड फारच खचले असेल, तर केवळ गुठळीवर भागत नाही, तेथे कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटची भुकटी चालेल का, आणि वरचा पडदा कशाचा आहे, हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीच दंतवैद्यांना विचारावे.